चाक हलवणारे नाना

आमच्या गल्लीत गाडी लावून कुणी चहा प्यायला आत गेलं, की नाना त्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसतात. दोन्ही बाजूंनी चाक धरतात आणि डोळे मिटून हलवतात. मग उठतात, हात लेंग्याला पुसतात आणि दार वाजवतात. गाडीवाला कपबशी घेऊनच बाहेर येतो. नाना त्याला सांगतात, "भाऊ, तुन्हं डावं चाक बोली ऱ्हायनं."

चाक बोलतंय म्हणजे आतला सांधा झिजलाय. स्टेअरिंग फिरवलं की एक दांडी चाकाला वळवते, तिच्या टोकाशी गोटीसारखा सांधा असतो. तो झिजला की चाक हाताला कट्-कट् लागतं. हे सगळं मला कसं ठाऊक? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून जेवताना दुसरं काही ऐकलं नाही, म्हणून.

नाना माझे जेठ, म्हणजे थोरले दीर. अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. मिल बंद पडली, तेव्हापासून धुळे रोडवरच्या एका गॅरेजच्या बाकड्यावर बसायला लागले, ते अजून बसलेले आहेत. गॅरेजवाल्याचा त्यांच्यावर इतका जीव की एक किल्ली कायम नानांकडे. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आणि गंमत अशी, की या माणसाला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा हातात धरून नेतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चालावनारा रस्ता देखस. चाक कोन देखी?"

धरणगावला नानांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाची गाडी झेंडूच्या माळांनी सजलेली, पुढे बँड, मुहूर्त डोक्यावर. नानांनी गाडीपुढे बसून चाक हलवलं आणि जाहीर केलं, "ह्या गाडीमा नवरदेव बसाव नही." केवढा गोंधळ. मुलाचे मामा हातघाईवर आले. शेवटी नवरदेव पायी मांडवात गेला आणि मागून नाना शांतपणे त्याच्यावर छत्री धरून. त्या घरात आमच्याशी अजून कुणी धड बोलत नाही.

असल्या माणसाला एका घरात सांभाळायचं म्हणजे काय, ते मला विचारा. त्यात आमच्याकडची रीत अशी, की जेठापुढे भावजयीनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि एका बाजेवर बसायचं नाही. मी बोदवडची, तोंडाची तिखट. पदर घ्यायचे, भिंतीकडे बघायचे आणि जे सुनवायचं ते भिंतीला सुनवायचे. नानाही उत्तर भिंतीलाच द्यायचे. मला ते "सोनलनी माय" म्हणतात. माझं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

सोनल माझी एकुलती एक. धुळ्याला दिलीय, तिथेच एका पतपेढीत नोकरीला आहे. तिला बोलायला नानांनी शिकवलं. गाडी चालवायलाही नानांनीच शिकवलं, म्हणजे शेजारी उभं राहून. शाळेच्या पटांगणात ती गाडी गोल फिरवायची आणि हे मध्ये उभे राहून ओरडायचे. गाडी चालू असताना फोन घ्यायचा नाही, देवाचा आला तरी नाही, हे त्यांनी तिच्याकडून तुळशीपुढे वदवून घेतलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. सोनलही आली, आपली जुनी छोटी गाडी स्वतः चालवत. सण झाला, झोके झाले, सांजोऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून जेवणाआधी निघायचं ठरलं. आणि सकाळी नानांनी चाक हलवलं.

"उजवं बोली ऱ्हायनं. आज जावानं नही."

मला हसूच आलं. दिवाळीलाही असंच झालं होतं. तेव्हाही चाक बोललं, पोरगी एक दिवस जास्त राहिली, आणि गॅरेजवाल्यानं बघितलं तर काही नव्हतं. मी भिंतीला म्हटलं, "पोरगी निघाली की गाड्या कशा बरोबर बोलायला लागतात."

 मला हात धरून न्यायची सोय नव्हती, म्हणून नाना सोनलला घेऊन गेले आणि तिच्या हातानं चाक हलवलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "आई, खरंच ढिलं आहे."

गॅरेज बंद. गॅरेजवाला आखाजीला सासुरवाडीला गेलेला. आमचे हेही सकाळीच शेतावर गेले होते, पाण्याची मोटर बघायला. मी म्हटलं, एस.टी.नं जा. सोनल म्हणाली, सुट्टी उरली नाही आणि रोज गाडीशिवाय जमत नाही. नानांनी खिशातून गॅरेजची किल्ली काढली, गेले, आणि नवीन सांधा, पाने, जॅक घेऊन आले.

"मी बसाडस," म्हणाले.

इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांना करताना बघितलं होतं. स्वतः कधी पाना हातात घेतला नव्हता. पण बघून बघून हात तयार झाले असावेत. जुना सांधा निघाला. तो त्यांनी मला दाखवायला अंगणाच्या बुटक्या भिंतीवर आणून ठेवला. बोटानं हलवला तर लोंबकळणाऱ्या दातासारखा इकडून तिकडे.  मी आत जाऊन पापड-कुरडयांचे डबे बांधायला लागले.

तेवढ्यात आमच्या सासूबाई, अक्का, कुंकवाचं ताट घेऊन अंगणात आल्या. राहुकाळ लागायच्या आत लेक उंबऱ्याबाहेर पडली पाहिजे, आणि गाडीत नवीन वस्तू बसवली म्हणजे चाकाला हळद-कुंकू पाहिजे. नाना गाडीखाली होते. अक्का वाकून म्हणाल्या, "आधी चाक लाव. माले कुंकू लावनं शे." नानांनी चाक लावलं, जॅक उतरवला. अक्कांनी पूजा केली, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी सोनलची ओटी भरली. तिचे डोळे भरून आले, मी म्हटलं, वेडे, धुळं काय लांब आहे? तिनं मान खाली घातली. लिंबं चिरडून गाडी गेली.

मी आत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावते न लावते, तो बाहेरून नानांचा आवाज आला. आवाज नव्हता तो, श्वास होता. बघते तर अंगणात उभे, तळहातावर एक वाकडी तारेची पिन, आणि चेहरा राखेसारखा.

"सोनलनी माय," म्हणाले. भिंतीला नाही. माझ्याकडे बघून. "नट आवळाना ऱ्हायी गया. हातानंच लावेल व्हता. पिन मन्हा खिसामाच ऱ्हायी गयी."

पिन कशाची, हे मला तेव्हाच कळलं. नट हातानं लावायचा, मग पान्यानं आवळायचा, मग त्यात ही पिन घालायची, म्हणजे नट सुटत नाही. नट सुटला तर दांडी सुटते. दांडी सुटली तर स्टेअरिंग फिरतं, पण चाक ऐकत नाही.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नाना म्हणाले, "ती नही उचलनार." आणि त्यांनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

माझी स्कूटी दारात होती. मी चावी घेतली आणि म्हटलं, "बसा." जेठ आणि भावजय एका गाडीवर. अक्का ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नाना पाना घेऊन मागे बसले, माझ्यापासून शक्य तेवढे लांब, मागची कडी घट्ट धरून. गावाबाहेर पडेपर्यंत मला वाटत होतं मागे कुणी नाहीच.

ऊन असं की रस्त्यावर नजर ठरेना. पदर केव्हाच डोक्यावरून उडून गेला होता. एरवी मी वीसच्या वर गेले की घरी गेल्यावर भिंतीला तासभर सुनवणारा हा माणूस मागून म्हणत होता, "जोरमा. जोरमा चालाव." पुढे ऊस भरलेली ट्रॉली होती. तिला वळसा घालताना खड्डा आला आणि नानांचा हात माझ्या खांद्यावर पडला. लगेच काढला. दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा पडला, आणि मग त्यांनी तो काढला नाही.  तेव्हा मला खरी भीती वाटली. तोवर मी चिडलेली होते, चिडलेलं असलं की भीती जरा लांब उभी राहते.

पुढे दूरवर लोकांची गर्दी दिसली. रस्त्याच्या कडेला माणसं, एक ट्रक आडवा.  मी नवस बोलून टाकला, कुठल्या देवाला ते आठवत नाही. जवळ गेलो तर ट्रकचा टायर फुटलेला, बाकी काही नाही. नाना मागे मोठ्यानं म्हणाले, "चाल, चाल, थांबू नको."

आणि मग फाट्याच्या अलीकडे एक रसवंती आहे, तिच्या कडुलिंबाच्या सावलीत सोनलची गाडी उभी होती. नीट, सरळ, धडधाकट.

मी स्कूटी थांबवायच्या आत नाना उतरले. पडलेच जवळजवळ. सोनलला हाक मारली नाही, काही नाही, आडवे झाले ते थेट गाडीखाली. मी वाकून बघितलं. नट शेवटच्या आट्यावर आला होता. आणखी थोडं गेली असती तर पडला असता. मी तिथेच मातीत बसले.

सोनल बाकड्यावर होती, पुढ्यात रसाचा भरलेला ग्लास, आणि ती रडत होती. आम्हाला बघून उठली. "आई? नाना? काय झालं?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला इतका संताप आला, की मी गाडीखालच्या पायांना बोलायला सुरुवात केली. गावभर दुसऱ्यांची चाकं हलवत फिरता, आणि घरच्या पोरीचा नट विसरता? एवढं कसं विसरतं माणूस? लक्ष कुठे होतं? गाडीखालून फक्त पान्याचा आवाज येत होता. नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. मग नाना बाहेर आले. केसांत माती, कपाळाला काळं. मला म्हणाले, "म्हतारा हुयी गऊ. चुकी हुयी गयी."

बस, एवढंच.

सोनल त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "नाना, सकाळी मी गाडीपाशी उभी राहून फोनवर बोलत होते. तेव्हा तुम्ही खाली होतात."

नाना लेंग्याला हात पुसत राहिले.

"तुम्ही ऐकलंत."

"माले काही ऐकू येत नही आते," नाना म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

मी विचारलं, "काय ऐकलं?"

मग सोनलनं सांगितलं. जावईबापूंना बंगळुरूला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात जायचं. धुळ्याची नोकरी सोडायची. आखाजीला येणं आता जमेल न जमेल. चार दिवस ती मला सांगायचं म्हणत होती आणि माझं तोंड बघून सांगवत नव्हतं. नवऱ्याला फोनवर तेच सांगत होती. आणि निघाल्यावर रडू आवरेना, रस्ता दिसेना, म्हणून इथे थांबली होती.

म्हणजे नानांना सकाळीच कळलं होतं. गाडीखाली, हातात पिन घेऊन, एकट्याला. आणि पूर्ण रस्ताभर, आणि नंतर माझ्या शिव्या खातानाही, त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण ते सोनलनं मला सांगायचं होतं.

मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मी लेकीला धरून रडले. पोरगी जिवंत होती म्हणून रडले आणि ती जाणार होती म्हणूनही रडले, दोन्ही एकदमच. रसवंतीवाला बिचारा यंत्र बंद करून उभा राहिला. रडून झालं तेव्हा बघितलं, नाना रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभे होते. आपल्या घरातल्या माणसांचं रडणंसुद्धा परक्यासारखं लांबून ऐकणारा माणूस. मी आयुष्यात पहिल्यांदा भिंत न शोधता हाक मारली, "नाना, इकडे या. रस प्या."

ते आले. ग्लास रिकामा केला. मग गाडीचं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसले. सोनल म्हणाली, "नाना, कुठे?"

"धुळे. तुले सोडी येस."

"मीच चालवतेय, तुम्ही मला काय सोडणार?"

नानांनी दार ओढून घेतलं. पट्टा कसा लावायचा ते त्यांना कळेना, सोनलनं वाकून लावून दिला. गाडी निघाली. मी स्कूटीवर एकटी घरी आले, वाटेत दोनदा थांबून.

संध्याकाळच्या एस.टी.नं नाना परत आले. मी जेवायला वाढलं आणि न राहवून विचारलं, "एवढ्या रस्त्यात काय बोललात तुम्ही दोघं?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. 

"काहीच नही," म्हणाले. "ती गाडी चालाई ऱ्हायनी व्हती. मी बठेल व्हतू."