केयाचे वाळे आणि मूळ समाज

केयाचे चांदीचे वाळे अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी ‘जगाचे दागिने’ प्रदर्शनात काचेआड विसावले होते. आसावरीने ते कौतुकाने, चार दिवसांच्या बोलीवर दिले होते. इकडे केया सोफा धरून उभी राहू लागली. लेकीचं पहिलं पाऊल छुमछुमतच पडलं पाहिजे, एवढाच आसावरीचा हट्ट होता.

प्रदर्शन आटोपलं तरी वाळे येईनात. शेवटी केयाला कडेवर घेऊन ती प्रदर्शन भरवणाऱ्या अलंकार सद्भाव समितीच्या अध्यक्षा बार्बराबाईंकडे गेली. बाईंनी उभी हयात देशोदेशीचे दागिने जमवले होते. पूर्वी कुणाचं कानातलं दिसलं की त्या विचारत, “केवढ्याला घेतलंस?” आता विचारत, “कुणाचं हिरावलंस?” पश्चात्ताप म्हणून त्यांनी गळा ओका ठेवला होता, आणि तो दिसावा म्हणून मोठ्या गळ्याचे झगे शिवून घेतले होते.

“धोरण बदललं,” बाई हळहळल्या. “पाश्चात्त्य देशातल्या व्यक्तीच्या हाती असा दागिना देणं म्हणजे शोषण. तो मूळ समाजालाच परत जाणार.”

“अहो, मीच मूळ समाज!”

“एकटीच?”

आसावरीने मराठी मंडळाला साकडं घातलं. मीनाक्षीकाकू आणि उल्हासकाका तातडीने समितीपुढे हजर झाले.

“वाळे बाळाच्या आजोळचे असतात,” काकूंनी समजावलं.

“छे! आमच्याकडे आत्या घालते,” काका उसळले.

“तुमच्याकडे म्हणजे नागपूरला. तिथे काय, काहीही चालतं.”

“काहीही? संक्रांतीला शुगर-फ्री तिळगूळ कुणी वाटला होता?”

“काका, प्लीज अ‍ॅडजस्ट करा ना,” आसावरी कळवळली.

संध्याकाळपर्यंत गावात दोन मराठी मंडळं झाली. समितीने निर्णय दिला: मूळ समाजात मतभेद; सबब दागिना स्थगित.

घरी केयाने सोफा सोडून टाळी वाजवली. आता पहिलं पाऊल कधीही पडणार! तिला उचलून आसावरी रडकुंडीला येऊन पुन्हा बाईंच्या दारात उभी राहिली. बघते तो बाईच रडत होत्या.

“तळघरात खोकी भरलीत गं! नागा माळा, लमाणी हसळ्या, गोंडी कडी. झोप लागत नाही. परत द्यायचं म्हटलं, तर मूळ समाज फोनच उचलत नाही. भारताच्या वतीने कुणी स्वीकारलं असतं तर...”

“मी स्वीकारते,” आसावरी म्हणाली. “सगळं द्या. वाळे तेवढे वर ठेवा.”

“पण तुला अधिकार आहे?”

“आमच्याकडे सगळं आमचंच असतं.”

बाईंनी तिला कडकडून मिठी मारली, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपल्या.

केयाच्या वाढदिवसाला दोन्ही मंडळं आली. केयाचं पहिलं पाऊल छुमछुमतच पडलं आणि ती धपकन बसली. आसावरीने ते इवलेसे पाय गालाला लावले. बाकी कुणाला बघायची सवड नव्हती. दोन्ही मंडळं खोक्यांवर गुण्यागोविंदाने तुटून पडली होती.

“ही नागा माळ माझ्या पैठणीवर काय दिसते!”

“नागा म्हणजे कुठले हो?”

“आपलेच की!”

तळाशी एक जाड कडं अजून उरलंय. तुमच्या त्या हातमागाच्या कुर्त्यावर फार उठून दिसेल. खुशाल घेऊन जा. फक्त कुणाचं, ते विचारू नका. विचारणाऱ्यांची समिती वेगळी आहे.