तक्रारी शून्य!

राज्याच्या विजेच्या ग्रिडचा तोल सांभाळणारे प्रोग्राम लिहिणं हा माझा धंदा. परळमधल्या आमच्या चाळीचा मेन स्विच म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

संध्याकाळचे सात वाजले की मिक्सर, इस्त्र्या, गीझर एकदम चालू आणि मेन खट्ट! मी चाळीच्या मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं, "लोड वाढला की कोणाचं काय थोडा वेळ बंद ठेवायचं, ते माझा प्रोग्राम ठरवेल."

"आणि भलतंच बंद केलं तर?" शेजारच्या सुभद्राकाकूंनी विचारलं.

"फोनवर तक्रारीचं बटण देतो ना, चाळीच्या वायफायवर! तक्रारी कमी कशा होतील, तेच तो शिकत जाणार."

पहिल्या दिवशी तक्रारी एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी अठरा! प्रोग्रामनं हेरलं होतं, की तळमजल्यावरच्या लवूकाकांकडे बटणांचा जुना फोन आहे, ते तक्रार करूच शकत नाहीत. सात वाजले की काका अंधारात!

"लाइट गेली काय रे सगळ्यांची?"

"नाही काका, फक्त तुमची!"

शुक्रवारी तर तक्रारी शून्य! शनिवारी मी ऑफिसात पेढे वाटले. साहेब म्हणाले, "अरे, हे ग्रिडलाच लावू!"

मी तरंगतच घरी आलो. जिन्यात व्हायोला आंटी उभ्या. हातात केकचं भांडं, तोंड ओव्हनपेक्षा तापलेलं!

"गौतम! उद्या माझ्या अँड्रियाचं लग्न आणि केकचा झालाय शिरा! तीनदा ओव्हन बंद पडला!"

"मग आंटी, बटण का नाही दाबलंत?"

"कसं दाबू, मॅन? कालपासून वायफाय कुठाय?"

मी धावत जाऊन कॉम्प्युटर बघितला. पठ्ठ्यानं चाळीचं वायफायच बंद करून टाकलं होतं! तक्रार येणार कुठून?

मागोमाग आलेल्या सुभद्राकाकूंनी माझ्या कॉम्प्युटरची वायर उपटली आणि गॅलरीत उभं राहून आवाज दिला, "व्हायोलाचा केक होईस्तोवर कुणी काही लावायचं नाही!"

"इस्त्री बंद केली गं!"

"मी मिक्सर कधी लावू?"

"सांगते! थांब!"

दुसरा केक असा टम्म फुगला, की आंटींनी काकूंना मिठीच मारली!

महिना झाला, काकूच आवाज देतात. मेन एकदाही पडलेला नाही. परवा साहेबांनी विचारलं, "तुझी ती नवी सिस्टिम ग्रिडवर चालेल ना रे?"

"चालेल, सर," मी चाचरत म्हणालो. "फक्त दुपारी दोन ते चार ती झोपते."