हन्नाबाईंचं स्कॅटर

हन्नाबाई बाळंतपणाला आल्या की आधी दाराबाहेरच्या चपला लावत. आत बाई कळा देत असायची, सासू उंबऱ्यात हात चोळत उभी असायची, आणि पनवेलच्या दवाखान्यातली ही नर्स अंगणात वाकून एकेका चपलेची जोडी शोधत असायची. सगळ्या चपला टाचा भिंतीला लावून रांगेत उभ्या राहिल्याशिवाय त्या आत पाऊल टाकत नसत. कुणी घाई केलीच तर म्हणत, "दारात हे असं स्कॅटर, मग बाळ सरळ कसं येईल?"

बाळ बहुतेक सरळच येई. त्यामुळे पनवेलमध्ये दिवस राहिलेल्या बाईच्या घरी सातव्या महिन्यापासूनच चपला रांगेत लागू लागत.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला पनवेलला आलो तो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. हन्नाबाईंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. कोकणात यांना शनिवार तेली म्हणत, कारण पूर्वी ही माणसं घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. बाईंचे यजमान मिठागरावर कारकून होते. ते लवकर गेले. मागे दोन मुलगे. थोरला शालोम एका छापखान्यात खिळे जुळवी, धाकटा बेंजामिन माझ्याच वर्गात होता. बाई ठेंगण्या, पांढऱ्या खळीच्या पातळातल्या, छातीवर पिनेनं अडकवलेलं घड्याळ. जवळच्या नेरे गावच्या बायकांना त्यांच्या नावातला ह काही झेपत नसे. त्यांना त्या 'अन्नाबाय'.

स्कॅटर हा शब्द त्यांना एका मडमेनं दिला होता. तरुणपणी त्या मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकल्या. तिथली मेट्रन कात्री जागेवर नसली, कापसाचा बोळा खाली पडला, दोन मुली बोलत उभ्या दिसल्या, की एकच शब्द ओरडे. बाकीचं इंग्रजी हन्नाबाई विसरल्या. हा एवढा शब्द त्यांनी पनवेलला आणला आणि त्याच्यावर तीस वर्षं संसार केला.

आभाळ मोकळं झालं की ढग स्कॅटर झाले. गोवर अंगावर उठला की स्कॅटर झाला. पोटात वायू धरला की "ओवा खा, स्कॅटर होईल." माझी बायको कुसुम आजारातून उठल्यावर तिचे केस गळू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, बाळंतपणानंतर थोडे स्कॅटर होतातच." कुसुमला बाळंतपण झालेलं नव्हतं, टायफॉइड झाला होता. पण बाईंच्या जगात बायकांना होणारं सगळं बाळंतपणाच्या आधीचं किंवा नंतरचं असे.

मी तेव्हा नवा मास्तर होतो आणि नव्या मास्तराला गप्प राहवत नाही. एके दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं की आपल्या मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. मणी विखुरतात, माणसं पांगतात, तांदूळ सांडतात, केस विस्कटतात, गुलाल उधळतात. प्रत्येकाची छटा वेगळी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढे शब्द कशाला स्कॅटर करून ठेवलेत मास्तर? एकात काम होतंय की."

त्या वर्षीच्या सहामाहीत मी 'स्कॅटर'चा वाक्यात उपयोग करायला दिला. अर्ध्या वर्गानं लिहिलं, हन्नाबाई सेज डू नॉट स्कॅटर. व्याकरणात चूक नव्हती. पूर्ण गुण द्यावे लागले.

पुढे पुढे तो शब्द कुणाचाच राहिला नाही, गावाचा झाला. करंजाहून मासळी घेऊन येणाऱ्या एका म्हातारीची पाटी आमच्या दारातच कलंडली. गोळा करायला मी धावलो, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर. सगली मासली इस्काटर झाली." तिला हा शब्द इंग्रजी आहे हे ठाऊक नव्हतं, आणि तो तिच्या तोंडी इतका नीट बसला होता की क्षणभर मलाही ते पटेना.

घरात मात्र बाई स्कॅटर होऊ देत नसत. ताटं उतरत्या क्रमानं, चमचे एका दिशेला तोंड करून, मुलांचे सदरे रंगांप्रमाणे. शालोम मोठा झाला तरी बाहेर पडताना आई त्याच्या खिशातला रुमाल काढून, नीट घडी घालून परत ठेवी. तो मान तिरकी करून उभा राही. लाज वाटे, पण हलत नसे.

अशात एके रविवारी मुंबईहून एक पाहुणे आले. बेने इस्रायलांच्या प्रार्थनेच्या जागेला पनवेलला सगळे मशीदच म्हणत, आणि घोटाळा नको म्हणून पुढे 'इस्रायलांची' जोडत. तिथे सभा भरली. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषा म्हणून मला नेलं. इस्रायल हा नवा देश झाला आहे, तिथे हात हवे आहेत, जमीन आहे, आपली सगळी माणसं तिकडे यावीत, असं ते सांगत होते. बोलता बोलता ते म्हणाले की आपण जगाच्या चारी कोपऱ्यांत विखुरलेले लोक, आता गोळा व्हायची वेळ आली आहे. मी तेवढं मराठीत केलं. वर बायकांच्या सज्जातून हन्नाबाईंचा आवाज आला.

"मास्तर, त्यांनी कुठला शब्द वापरला?"

मी सांगितलं, "स्कॅटर्ड."

हन्नाबाई उभ्या राहिल्या.

"त्यांना विचारा, आम्ही कुठून स्कॅटर? नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं तेव्हा झालो असू. सात जोडपी वाचली म्हणतात. पण त्यानंतर इतकी शेकडो वर्षं सगळं नीट लावून ठेवलंय आम्ही. माझी आई नेऱ्याची, आजी पेणची, यजमान इथल्या मातीत आहेत. यात इकडचं तिकडं काय झालंय ते दाखवा म्हणावं."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुणे हसले आणि मान हलवून पुढच्या मुद्द्याकडे वळले. पुढच्या बाकावर शालोम आणि बेंजामिन बसले होते. दोघांनीही वर पाहिलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी शालोम तिकडे निघून गेला. बाईंनी त्याची ट्रंक तीन दिवस भरली. पुढे त्याचं पत्र आलं की कस्टमवाल्यानं ट्रंक उघडून सगळं बाहेर काढलं, पण परत ते कुणालाच आत बसवता येईना. निम्मे कपडे हातात घेऊन जावं लागलं. हे पत्र बाईंनी मला गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बराच वेळ येत राहिलं.

दोन वर्षांनी बेंजामिनही निघाला. मोटार स्टँडवर त्यांनी त्याची कॉलर सारखी केली आणि रोजच्याच आवाजात सांगितलं, "तिथं स्कॅटर राहू नकोस." त्या संध्याकाळी घरातून खणखणाट येऊ लागला म्हणून कुसुम बघून आली. बाईंनी फळीवरची सगळी भांडी खाली काढली होती आणि एकेक पुसून परत जागेवर ठेवत होत्या. कुसुमनं दोन भांडी हातात घेतली, तर त्यांनी ती काढून घेतली.

मग ती इस्रायलांची आळी हळूहळू ओसरत गेली. कधी एक घर, कधी दोन. शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमवायला अलिबागच्या पाहुण्यांची वाट बघावी लागे.

मुलांनी आईचेही तिकडे जायचे कागद केले. ते आले, शिक्क्यांसकट आले. बाई म्हणाल्या, जाईन, पण नेऱ्याची ठकू आठव्यात आहे, तिची सुटका होऊ दे. ठकूची सुटका झाली तेव्हा बाजारातल्या एका शिंप्याची सून आठव्यात होती. ती मोकळी झाली तोवर कुसुमला दिवस राहिले होते. आमच्या मुलीच्या बारशाला मी त्यांना म्हणालो की आता तरी निघा. त्या म्हणाल्या, कर्नाळ्याच्या पायथ्याला एक ठाकरीण आहे, पहिलटकरीण, तिला दवाखान्याची भीती वाटते. पनवेल तालुक्यात कुणीच आठव्यात नाही असा दिवस मला कधी आढळला नाही. कागदांची मुदत संपली. पुन्हा झाले, पुन्हा संपली.

मला वाटे, बाई गावाला सोडत नाहीत. पण ते कारण निम्मंच. उरलेलं मला एका रविवारी सकाळी कळलं.

त्यांना आता बारीक अक्षर दिसेना, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांची पत्रं वाचून उत्तरं लिहून देई. पत्रं फक्त मुलांची येत नसत. गेलेल्या सगळ्यांची येत. तिकडे बोटीतून किंवा विमानातून उतरल्यावर ज्याला जिथे जागा होती तिथे पाठवलं होतं. शालोम दक्षिणेला वाळवंटातल्या एका वस्तीत, बेंजामिन उत्तरेला फळबागांवर. दोघा भावांची वर्षभर गाठ पडली नव्हती. पलीकडच्या घरातून तिकडे गेलेली लेआ विचारी, माझ्या बहिणीला कुठल्या गावी ठेवलंय, तुम्हाला काही कळलं का. बहीण तेच लेआबद्दल विचारी. दोघींच्या वस्त्यांत चार तासांचं अंतर, आणि एकीचा पत्ता दुसरीला पनवेलहून कळे. कारण पनवेलचा पत्ता सगळ्यांना पाठ होता.

एकदा अशी सहा पत्रं त्यांनी समोर रांगेत मांडली. मी टाक शाईत बुडवून थांबलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, गोळा करायला म्हणूनच नेलं होतं ना हो?"

मी म्हणालो, "हो."

"मग मी उठून गेले, तर हे लिहिणार कुणाला?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि पुढचं पत्र माझ्याकडे सरकवलं.

हन्नाबाई शेवटपर्यंत गेल्या नाहीत. मुलं एकदा येऊन भेटून गेली. बाई निवृत्त झाल्या, तरी बाळंतिणी त्यांनाच बोलवत. दिवसभर त्यांच्याकडे माणसं असत, त्यामुळे त्या एकट्या आहेत हे आमच्या डोक्यातच येत नसे. शुक्रवारी दुपारनंतर मात्र त्या कुणाला सापडत नसत. आळीतल्या बंद घरांच्या किल्ल्या लोक त्यांच्याकडे ठेवून गेले होते. केर काढायला, वारा लागू द्यायला जात असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका शुक्रवारी त्यांना सपाटून ताप भरला. चारच्या सुमारास त्यांनी मला आत बोलावलं आणि उशीखालून पाच किल्ल्या काढून दिल्या. प्रत्येक घरात टेबलावर काचेचा पेला आहे, म्हणाल्या. खाली पाणी, वर खोबरेल, वात लावलेली आहे. सूर्य बुडायच्या आत पाचही दिवे लावून या. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवार, सूर्यास्तालाच बसतो; त्याआधी घरात दिवा लागायला हवा.

मी काड्यापेटी घेऊन गेलो. पहिलं कुलूप सहज उघडलं. आत शेणानं सारवलेली जमीन, भिंतीशी उभी केलेली खाट, आणि मधल्या टेबलावर पांढरी चादर. त्या घरातली माणसं जाऊन सहा वर्षं झाली होती. मी दिवा लावला आणि दाराशी येऊन उगाच मागे वळून पाहिलं. दुसरं घर, तिसरं, चौथं, सगळी तशीच. पाचवं लेआचं. लेआ, तिचा नवरा आणि तीन लहान मुलं तिथे राहत. भिंतीवर खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोळशाच्या रेघोट्या होत्या. बाकीची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. तेवढा भाग तसाच सोडला होता.

परत आलो तेव्हा खिडकीतून उजेड जायला लागला होता. हन्नाबाई जाग्या होत्या. मी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि पाचही दिवे लागल्याचं सांगितलं. त्यांनी किल्ल्या चाचपून मोजल्या.

"लेआकडचा उंचावर ठेवलात ना? तिची मुलं लहान आहेत."

मी म्हणालो, "ठेवला."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं श्वास संथ झाला. मी त्यांच्या हातातून एक किल्ली हळूच काढून घेतली, परत लेआच्या घरी गेलो आणि टेबलावरचा दिवा उचलून वरच्या फळीवर ठेवून आलो.