हकीकत दुसऱ्या गजऱ्याची आणि बुडालेल्या खोलवाडीची

श्रीगजानन समर्थ. वाग्देवीस साष्टांग दंडवत. तिने कानांत कापूस घातला असल्यास तो क्षणभर काढावा, ही विनंती. शके सतराशे एकसष्ट, कोलाहलनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते पुढीलांस लाज यावी म्हणोन लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिल्यास ते रागावेल आणि न लिहिल्यास आणखी तिघे 'आम्हांसच म्हटले' म्हणोन रागावतील, तरी दुसरे परवडते.

त्या राज्यात बातमीचा बंदोबस्त थोर. वेशीवर नगारखाना, त्यावर एकच नगारा, तो बडवोन बातमी पुकारिली म्हणजे कोसभर ऐकू जाई, आणि बातमी लिहोन ती नगाऱ्यावर चढविणारे वाकेनवीस बापूजीपंत. नियम थोरल्या महाराजांनी घालोन दिला तो ऐसा की, एक बातमी समाप्त जाहल्याविना दुसरी नगाऱ्यावर चढो नये. त्यास कारणही तैसेच होते. पूर्वी एकदा आग लागल्याची बातमी अर्धी वाजवोन सोडिली, आणि ती विझली हे कोणी सांगितलेच नाही, तेव्हा अर्धी रयत तीन वर्षे लग्नामुंजीसही पाण्याची घागर काखेत घेऊन जात असे. नियम चांगला होता. चांगल्या नियमाचे वाटोळे कैसे करावे, ही विद्या पुढील पिढीची.

तर त्या राज्यात हैबतराव निंबोरे म्हणोन चेंडूफळीचे नामांकित खेळाडू होते. त्यांनी एका डावात पाच चेंडू राजवाड्याच्या कौलांवर धाडिले, आणि महाराजांनी कौले न बदलता गळती हाच बहुमान समजोन खाली घंगाळे ठेविली, एवढी कीर्ती. ते हैबतराव भाद्रपद शुद्ध पंचमीस बाजारात गेले आणि त्यांनी मोगऱ्याचे दोन गजरे घेतले. हे एका बातमीदाराने पाहिले आणि धावत जाऊन पंतांस सांगितले, "पंत, बायको एक, गजरे दोन!" पंत जेवत होते, ते पानावरून उठले, आणि हात न धुता लिहिते जाहले. मग नगारा वाजला.

हैबतरावांनी त्याच दिवशी नगारखान्यात येऊन सांगितले की, कुटुंब गौरीसाठी माहेरी गेले आहे, एक गजरा त्यांस आणि दुसरा सासूबाईंस पाठविला. पंतांनी ते शांतपणे ऐकिले आणि म्हणाले, "राव, हे लिहिले तर बातमी दुपारीच मरेल. मग सणासुदीला लोकांनी ऐकावे काय?" आणि ते लिहिले नाही. मग नगारखान्याच्या ओट्यावर चार जाणते बसविले: एक म्हातारा चेंडूफेक्या, एक माळी, एक जोशी, आणि एक ज्यास कशातलेच काही कळत नसे परंतु आवाज मोठा. चौघे एकदम बोलत, तेणेकरून कोणाचेच ऐकू येत नसे, आणि हे रयतेस फार आवडले. मग सात बातमीदार हैबतरावांच्या सासुरवाडीस जाऊन आंब्यावर चढोन बसले, आणि वहिनीसाहेब ताक घुसळू लागल्या की वरून पुसत, "वहिनी, ताक आंबट झालं ते दुःखानं का?" वहिनीसाहेब वर पाहोन म्हणाल्या, "फांदी कच्ची आहे, पडाल." हे वाक्य 'वहिनींची उघड धमकी' म्हणोन दीड दिवस वाजले. फांदी मोडली, ते 'धमकी खरी केली' म्हणोन आणखी एक दिवस वाजले.

ऐसे आठ दिवस गेले. आता खोलवाडीचे ऐका. राजधानीपासोन कोसभर अंतरावर नदीस बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी खोलवाडी, वस्ती तीनशे माणसांची. बंधाऱ्याचे पाणी शेतांस सोडावयाचे काम भिवराबाई पाटकरणीकडे होते. आठव्या दिवशी सकाळी तिने पाहिले की बंधाऱ्यातून झिरपणारे पाणी रोज स्वच्छ असे, ते आज गढूळ येते. गढूळ म्हणजे बुडाची माती वाहते, आणि बुडाची माती वाहिली म्हणजे दिवस मावळायच्या आत बंधारा जातो, हे ती सासऱ्यापासोन शिकली होती. ती धावत गावात गेली. गाव पिंपळाखाली नगाऱ्याकडे कान लावोन बसले होते. ती ओरडली, "उठा, बंधारा चाललाय!" पाटील म्हणाले, "भिवरे, नगाऱ्यावर आलं का?" ती म्हणाली, "नगाऱ्यावर नाही, गळ्याशी येणारे!" पाटील म्हणाले, "नगाऱ्यावर आलं नाही ते घडलं नाही. आणि जरा बाजूला हो, माळी काहीतरी बोलतोय." तीनशे माणसांनी मान हलविली. एक माणूस उठला, तो पाणी प्यायला.

मग ती तशीच अनवाणी राजधानीस गेली, नगारखान्याचा जिना चढली आणि म्हणाली, "पंत, बंधारा फुटतोय. खाली माणसं आहेत. गाव सोडा, एवढंच वाजवा." पंतांनी पुसिले, "फुटला का?" ती म्हणाली, "फुटेल." पंत म्हणाले, "मग फुटल्यावर ये. न फुटलेल्या बंधाऱ्याची बातमी होत नाही, आणि फुटलेल्याचीही गजरा संपल्यावर. नियम आहे." ती म्हणाली, "अहो, लहान लेकरं आहेत!" पंत कळवळले, कारण माणूस वाईट नव्हता, फक्त वाकेनवीस होता. ते हळूच म्हणाले, "हे बघ बाई, तुझ्या खोलवाडीत हैबतरावांचं काही आहे का? एखादी पडवी, एखादी आत्या? असेल तर तुझा बंधारा कडेकडेनं घुसवतो."

भिवराबाईने एकवार पंतांकडे पाहिले, एकवार नगाऱ्याकडे पाहिले, आणि जन्मात खोटे न बोललेली ती बाई बोलली, "आहे की. ते स्वतःच आहेत. खोलवाडीच्या म्हसोबाच्या टेकडीवर. दुसऱ्या गजऱ्यासकट." पंतांचा टाक खाली पडला. मग नगारा ऐसा वाजला की तैसा युद्धातही वाजला नव्हता.

मग खोलवाडी उठली. पाटील पुढे धावले, एक पायताण पिंपळाखालीच राहिले. आजोबांस बाजेसकट उचलिले, बाळंतीण बाळासह निघाली, घरी कोणी थांबेना म्हणोन गाई सोडिल्या, शेळ्या हाकिल्या, कोंबड्या पाट्यांत घातल्या, आणि अवघे गाव टेकडीवर जाऊन हैबतरावांस धुंडू लागले. भिवराबाई धापा टाकीत सर्वांच्या मागून चढली आणि माणसे मोजू लागली. ती शेवटल्या माणसापाशी आली तोच बंधारा फुटला आणि खोलवाडी घरादारासकट वाहोन गेली. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, गाव गेलं की!" तेव्हा पाटील मान न वळविता म्हणाले, "गप गं, आधी गजरा येऊ दे."

दुसरे दिवशी नगाऱ्यावर आले की, 'हैबतराव टेकडीवर आलेच नाहीत, रयतेशी दगा.' पुराचा मजकूर त्यात अर्ध्या ओळीचा होता. आणि खोटी बातमी दिली म्हणोन भिवराबाईचे तोंड काळे करोन तिजला राज्याबाहेर घालवावे, ऐसा हुकूम घेऊन शिपाई आणि पंत टेकडीवर आले. ज्या गावाचे प्राण वाचले ते गाव पायांकडे पाहात उभे राहिले. इतक्यात, आपण टेकडीवर आहो हे नगाऱ्यावरच ऐकोन निघालेले, चिखलाने माखलेले हैबतराव टेकडी चढोन आले, मागे वहिनीसाहेब, त्यांमागे सासूबाई. सासूबाईंनी अंबाड्यातला सुकलेला गजरा काढोन पंतांच्या पुढ्यात धरिला आणि म्हणाल्या, "घे मेल्या, हुंग! माझ्या जावयाला आठ दिवस बडवतोयस होय?" हैबतराव शिपायांस म्हणाले, "बाईंची बातमी खोटी कशी? मी टेकडीवर उभा आहे. दुसऱ्या गजऱ्यासकट आहे. जरा उशीर झाला, वाटेत पूर होता."

शिपायांनी दोर गुंडाळिला. मग भिवराबाई म्हणाली, "पंत, गजरा संपला ना? नगारा मोकळा झाला ना? मग आता हे वाजवा. बंधारा दगडाचा बांधला असं म्हणतात. काल फुटला तेव्हा आत नुसती माती निघाली. दगड गेले कुठं, ते सरकारला विचारा." पंतांनी कागद घेतला, टाक दौतीत बुडविला, आणि 'दगड' हा शब्द लिहिलाही. तोच आंब्यावरून पडलेला बातमीदार लंगडत आला आणि पंतांच्या कानी लागोन म्हणाला, "पंत, सासूबाईंनी गजरा अंबाड्याच्या डाव्या बाजूला माळला होता. डाव्या!" पंतांनी कागद उलटा केला.

तात्पर्य, राज्यात एक नगारा, आणि तो नेहमी कोणाच्या तरी अंबाड्यात गुंतलेला. खोलवाडी हल्ली टेकडीवरच राहते. तेथून नगारा अधिक स्वच्छ ऐकू येतो. भिवराबाई रोज सकाळी फुटक्या बंधाऱ्यावर जाऊन पाणी पाहते. नवा बंधारा बांधावयास घेतला आहे. दगड अद्याप आले नाहीत, माती येत आहे. लेखनसीमा.