बारा टोप्या

गास्पारेने टोप्या मोजल्या, त्या बारा भरल्या, आणि त्याने नांगर उचलला. प्रवासी मोजायची ही त्याची स्वतःची पद्धत होती. माणसं मोजायला जावं तर ती वाकतात, जागा बदलतात, मासा दिसला म्हणून सगळी एका बाजूला धावतात. त्या मानाने टोप्या शहाण्या. त्यातून त्या वर्षी फाविन्यानाच्या बंदरावरच्या दुकानात ट्यूना माशाचे दोन डबे घेतले की पांढरी टोपी फुकट मिळत होती, त्यामुळे बेटावर उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर तीच टोपी होती. लांबून मोजायला अगदी सोपं.

बेटाला पूर्ण वळसा, तीन गुहा, मागच्या खाडीत अर्धा तास पोहणं आणि बोटीवर शिजवलेला पास्ता, हे सगळं गास्पारे वीस युरोत देत असे. याहून स्वस्त फेरी अख्ख्या बेटावर एकच होती. तिच्यात पास्त्याच्या जागी नुसता चीज घातलेला पाव मिळे. ती फेरी गास्पारेच्या धाकट्या भावाची, वीतोची होती, आणि वीतोशी गास्पारे गेली नऊ वर्षं बोललेला नव्हता.

भांडण झालं ते बंदरातून निघाल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, यावरून. गास्पारेचं म्हणणं डावीकडून जावं, गुहांत ऊन सापडतं. वीतोचं म्हणणं उजवीकडून जावं, परतताना वारा पाठीशी असतो. वडील वारा बघून कधी इकडून जायचे, कधी तिकडून, पण ते होते तोवर. ते गेले त्याच उन्हाळ्यात शब्दाला शब्द लागला, गोष्ट 'तुला समुद्रातलं काय कळतं' इथवर गेली आणि एका बोटीच्या दोन बोटी झाल्या. तेव्हापासून एक भाऊ डावीकडून निघतो, दुसरा उजवीकडून, आणि रोज दुपारी बरोबर निम्म्या वाटेवर, मागच्या खाडीत, दोघं एकमेकांपुढे येतात. दोघांपैकी एकाने वेळ बदलली असती तर हे टळलं असतं, पण मीच का बदलू? म्हणून दोघं पाठीला पाठ करून नांगर टाकत. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की जो आधी बोलेल तो हरला. खरं सांगायचं तर गास्पारेची हरायला ना नव्हती. फक्त हरताना कोणी बघू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तर मागच्या खाडीतला नांगर उचलून पंधरा मिनिटं झाली होती. कड्याच्या सावलीतून बोट संथ चालली होती आणि गास्पारे ताटल्या वाढत होता. पादोव्हाहून आलेल्या ओर्नेल्लाबाईंनी मासिकातून डोकं वर न काढता एक ताटली घेतली आणि शेजारच्या टोपीखाली सरकवली.

"धर. आणि टॉवेलवर सांडू नकोस."

"आभारी आहे," टोपीखालून आवाज आला.

ओर्नेल्लाबाई दचकल्या. अडतीस वर्षांच्या संसारात ताटली घेताना तुल्लिओने कधी आभार मानले नव्हते. त्यांनी मासिक खाली ठेवलं, टोपी वर उचलली आणि किंचाळल्या. टोपीखाली एक अनोळखी म्हातारा होता, आणि तो खात होता.

"तुम्ही कोण? माझा नवरा कुठाय?"

"मी एत्तोरे, कूनेओचा. निवृत्त पोस्टमास्तर," म्हाताऱ्याने तोंडातला घास आधी गिळून सांगितलं. "तुमच्या नवऱ्याचं काय ते मला माहीत नाही, बाई. मी त्या दुसऱ्या बोटीचा. निळ्या."

गास्पारेच्या हातातला डाव तसाच राहिला. "काका, मग तुम्ही इथे कसे काय?"

"पोहत होतो. लसणाचा वास आला," एत्तोरे म्हणाला. "आमच्या बोटीवर पाव होता. शिडी दिसली, चढलो. बसलो तर या बाई म्हणाल्या, ओल्या अंगाने वाऱ्यात बसू नकोस. अकरा वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, बसावं थोडा वेळ."

गास्पारेने टोप्या पुन्हा मोजल्या. बाराच होत्या. याचा अर्थ उघड होता. एक परका आत आला होता आणि एक घरचा बाहेर राहिला होता.

"चष्म्याशिवाय त्याला काही दिसत नाही हो!" ओर्नेल्लाबाईंनी पिशवीतून चष्मा काढून दाखवला, पाठोपाठ तुल्लिओचा फोन आणि रक्तदाबाच्या गोळ्याही काढल्या. "सगळं माझ्याकडे आहे. तो नुसता टोपी घालून पाण्यात उतरला होता!"

तुल्लिओ चुकून वीतोच्या बोटीवर चढला असेल, नाहीतर... त्या 'नाहीतर'चा विचार त्याला करवेना. वीतोला विचारल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि वीतो उलट दिशेने मिनिटामिनिटाला लांब चालला होता. गास्पारेने बोट वळवली. मग फोन काढून बंदरावर तिकिटं विकत बसलेल्या बायकोला लावला.

"एन्झा, जरा पिनाला विचार, तिच्या नवऱ्याच्या बोटीवर आमचा एक म्हातारा आहे का."

पिना म्हणजे वीतोची बायको. दोघी जावांची टेबलं बंदरावर शेजारी शेजारी होती आणि दोघी एकाच छत्रीखाली बसत.

"म्हणजे? माणूस हरवलाय?" एन्झाचा आवाज चढला. "आणि तू मला फोन करतोयस? बोटीवर वायरलेस कशाला ठेवलाय, कपडे वाळत घालायला? नऊ वर्षं तुमचे निरोप आम्ही दोघींनी वाहिले. ईस्टरचे आम्ही, आजारपणाचे आम्ही, पोरीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा आम्ही! आता तूच बोल. तोंड आहे ना तुला?"

तिने फोन ठेवला. गास्पारेने वायरलेस हातात घेतला, बटण दाबलं, घसा खाकरला. मग बटण सोडलं. वायरलेस सगळ्या बोटींवर ऐकू जातो आणि कॉफीच्या दुकानातही एक संच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याची अडचण ती नव्हती. नऊ वर्षांनी पहिला शब्द कुठला उच्चारायचा, हेच त्याला सुचेना.

"द्या इकडे!" ओर्नेल्लाबाईंनी वायरलेस हिसकावला. "निळी बोट! निळ्या बोटीवर कोण आहे?"

"बोला, बाई," वीतोचा आवाज आला. गास्पारेने तोंड फिरवलं, कान मात्र तिकडेच होता.

"माझा नवरा तुमच्याकडे आहे का? म्हातारा, पांढरी टोपी!"

"बाई, माझ्याकडे बारा म्हातारे आहेत, बाराही पांढऱ्या टोप्यांत."

"तुल्लिओ नाव! चष्मा नाही!"

काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. बोटीवर कोणी घाससुद्धा चावत नव्हतं. मग एक झोपाळलेला आवाज आला.

"ओर्नेल्ला? तू तिकडे काय करतेयस?"

गास्पारेचा जीव भांड्यात पडला. डाव अजून हातातच आहे हे त्याच्या लक्षात आलं. ओर्नेल्लाबाई रडायला लागल्या होत्या, पण तेवढ्यात तुल्लिओने पुढचं वाक्य उच्चारलं.

"मग ही माझ्याशेजारी कोण बसलीय?"

ओर्नेल्लाबाईंचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. "अर्धा तास झाला, तुल्लिओ! अर्धा तास तू परक्या बाईशेजारी बसलास आणि तुला कळलं नाही?"

"ती काही बोलत नव्हती," तुल्लिओ म्हणाला. "तेवढं मला जरा नवल वाटलं."

कॉफीच्या दुकानात या वाक्याला टाळ्या पडल्या. मी तिथेच होतो. ओर्नेल्लाबाईंच्या ते कानावर गेलं नाही हे बरंच झालं.

वीतोनेही बोट थांबवली होती. गास्पारे त्याच्यापाशी पोचला आणि दोन्ही बोटी दहा-बारा हातांवर शेजारी आल्या. दोघे भाऊ आपापल्या दोराकडे बघत उभे राहिले. आता तुल्लिओला इकडे घ्यायचं आणि एत्तोरेला तिकडे द्यायचं, की काम संपलं. पण ओर्नेल्लाबाई शिडी सोडू देईनात.

"तो इथे नको. सांगा त्याला, राहा त्या मुक्या बाईपाशी. या जन्मात मी त्याच्याशी बोलणार नाही."

"मलापण यायचं नाहीये!" तुल्लिओ ओरडला. "चारचौघांत, सगळ्या समुद्राला ऐकू जाईल असं बोलली! मीसुद्धा बोलणार नाही!"

"मग माझं कसं, मी कुठे बसू?" एत्तोरेने आशेने विचारलं.

"तुम्ही इथेच बसा आणि खा," ओर्नेल्लाबाई म्हणाल्या.

गास्पारेला हे बघवेना. त्याने दोर खाली ठेवला.

"बाई, असलं काही मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "मला यातलं कळतं. पहिला महिना झकास जातो. आपण बरोबर आणि तो चूक, हे रोज उठून नव्याने पटतं. मग कधीतरी काहीतरी घडतं आणि ते सांगायला तोच माणूस लागतो. मला नात झाली तेव्हा मी तीनदा फोन उचलला. नंबर पाठ आहे. तीनदा ठेवून दिला. नात आता सहा वर्षांची आहे, बाई. जड जातं हे. रोज जड जातं."

पलीकडे वीतो दोराची एक गाठ सोडत होता आणि पुन्हा तीच मारत होता.

"मग तुम्ही बोला ना आधी!" ओर्नेल्लाबाई म्हणाल्या.

गास्पारे पास्त्याच्या पातेल्यावर झाकण ठेवायला गेला. ते आधीच झाकलेलं होतं.

शेवटी असं ठरलं की जो जिथे आहे तिथेच बसेल आणि बंदरावर उतरून आपापलं बघेल. पण दोन मिनिटांत ओर्नेल्लाबाई अस्वस्थ झाल्या.

"त्याला विचारा, जेवल्यावरची गोळी घ्यायचीय, हे लक्षात आहे का."

गास्पारे वीतोकडे न बघता, त्याच्या बोटीच्या पुढच्या टोकाकडे बघून ओरडला, "या विचारतायत, गोळीचं लक्षात आहे का?"

वीतो तुल्लिओशी कुजबुजला आणि समुद्राकडे बघून ओरडला, "ते म्हणतायत, गोळ्या तिच्याकडेच आहेत!"

गोळी पातेल्याच्या झाकणावर ठेवून काठीने पलीकडे गेली. पाठोपाठ चष्मा गेला. तिकडून 'पाण्याबरोबर घेतली' असा निरोप आला, इकडून 'पूर्ण पेला प्यायला सांगा' असा गेला. 'ऊन लागतंय का' गेलं, 'नाही' आलं. आता हे सगळं चालायचं तर बोटी शेजारी शेजारीच चालायला हव्या होत्या, आणि शेजारी चालायच्या तर दोघांपैकी एकाला उलट्या बाजूने जाणं भाग होतं. गास्पारेची बोट तुल्लिओला शोधायला वळली होती ती वळलेलीच होती, वीतोच्या दिशेला. ती त्याने तशीच ठेवली. प्रवाशांना त्याने सांगितलं की वारा बदललाय. वारा अजिबात बदललेला नव्हता, पण कोणी काही बोललं नाही.

दीपगृहाचं टोक मागे पडेपर्यंत निरोप विरळ झाले. ओर्नेल्लाबाई एत्तोरेला तुल्लिओच्या चांगल्या सवयी सांगू लागल्या होत्या, आणि त्या मोजायला त्यांना दोन्ही हात लागत होते. दोन्ही बोटींवर माणसं ऊन आणि जेवणाने पेंगली. यंत्रांची धडधड तेवढी एका तालात चालली होती.

"हे विचारतायत," वीतो एकाएकी क्षितिजाकडे बघत ओरडला, "गुडघा कसा आहे आता?"

ओर्नेल्लाबाईंनी आश्चर्याने वर पाहिलं. त्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. गास्पारेने पलीकडे नजर टाकली. तुल्लिओ टोपी तोंडावर घेऊन गाढ झोपला होता.

गास्पारेने सुकाणू उगाच जरासं इकडे केलं, जरासं तिकडे केलं.

"सांग त्यांना, जिना उतरताना दुखतो."

"ते म्हणतायत, मग डॉक्टरला दाखव ना, गाढवा."

"त्यांना सांग, मंगळवारी पलीकडे त्रापानीला दाखवायला जायचंय," गास्पारे म्हणाला. "सोबतीला कोणी नाही."

तुल्लिओ घोरायला लागला होता.

"ते म्हणतायत, येतो."