आधी लिफ्ट, मग गाड्या

पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे, पण पार्किंग ही माणसाने मोठ्या कष्टाने उभी केलेली संस्कृती आहे. म्हणून धरणातून पाणी सोडलं की सुजाण समाज सर्वप्रथम संस्कृती वाचवतो. रहाटणीतली आमची 'नदीतीर हाइट्स' सोसायटी या बाबतीत किती पुढे गेली आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला कळायलाच हवं, आणि ते सांगायला माझ्याइतकं योग्य कोणी नाही. (यंदा दहावीत आहे, पण वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आलेय. पहिली आलेली मुलगी भाषणात रडली होती. मार्क अश्रूंना मिळाले.)

आमच्या इमारतीच्या जाहिरातीत 'प्रत्येक घरातून नदीदर्शन' असं छापलं होतं, आणि तो शब्द बिल्डरने तंतोतंत पाळला. उन्हाळ्यात आपण गॅलरीत जाऊन पवना बघतो, पावसाळ्यात पवना पार्किंगमध्ये येऊन आपल्याला बघते. तळमजल्यावर तर गॅलरीत जायचेही कष्ट नाहीत. दर्शन थेट स्वयंपाकघरात.

हा नदीचा उत्साह लक्षात घेऊन सोसायटीने एक पूर-आराखडा केला आहे. तो करणारे आमचे अध्यक्ष नानासाहेब, चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटी विभागात निवृत्त झालेले. जगात प्रत्येक गोष्टीला प्रोसिजर असते आणि ज्याला ती नसते ते घडतच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. मला ते मनापासून आवडतात.

आराखड्यात पहिला मान लिफ्टचा. पाण्याचा मेसेज आला, की लिफ्ट सातव्या मजल्यावर नेऊन बंद करायची, कारण खाली पाणी शिरलं तर मोटर जाते. त्यामुळे पुराच्या दिवशी आमच्या इमारतीतला सर्वांत सुरक्षित रहिवासी कोण, तर लिफ्ट. त्यानंतर चारचाकी गाड्या. त्या रांगेने उड्डाणपुलावर नेऊन लावायच्या. गाडीत फक्त चालक. मागच्या वर्षी एकाने फ्रिज भरायला घेतला आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत बसले, म्हणून हा नियम. (शिवाय ओली माणसं बसली की सीट-कव्हरला वास येतो, हे साधनाकाकूंनी अनुभवाने सांगितलं.) मग दुचाकी. मग सोसायटीची मालमत्ता पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये: जिममधली ट्रेडमिल, जिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, अध्यक्षांची फिरती खुर्ची आणि गणपतीचं मखर. शेवटी 'इतर'.

'इतर'मध्ये माणसं येतात का, असं मी मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं होतं. सेक्रेटरी निरंजनकाका हसले आणि म्हणाले, "अगं बाळा, माणसं काय, चालत जातात!"

शंभर टक्के खरं आहे. फक्त शालनबाई चालत नाहीत.

शालनबाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची, दिव्याची, आजी. जिथे आमची इमारत आहे तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला तेव्हा गुडघ्यांमुळे त्यांनी तळमजला मागून घेतला. आता एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे जिना बंद. म्हणजे इमारतीतल्या ज्या एकमेव माणसाला लिफ्ट लागते, त्याच माणसाला वाचवायच्या वेळी लिफ्टला आधी वाचवावं लागतं. याला नियोजन म्हणतात.

तर जुलैत एका दुपारी मेसेज आला: विसर्ग वाढवला, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे. पुढे क्युसेकमध्ये आकडा होता. एक क्युसेक म्हणजे किती, हे आमच्या ग्रुपवर कोणालाच माहीत नाही, पण आकड्यात शून्यं वाढली की हात जोडलेल्या इमोजीही वाढतात. शाळेला सुट्टी होती. आमच्याकडची मोठी माणसं शिफ्टला. दिव्याचा फोन आला, "खाली ये ना गं, लवकर," आणि मी जिन्याने धावले. (लिफ्ट तोवर सुखरूप पोहोचली होती.)

शालनबाई दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पाणी गेटच्या आत आलं होतं आणि गाड्या अतिशय शिस्तीत बाहेर पडत होत्या. प्रत्येक गाडीत एक माणूस आणि चार रिकाम्या, कोरड्या सीट. दिव्याने साधनाकाकूंच्या गाडीला हात केला.

"काकू, आजीला फाट्यापर्यंत न्या ना!"

काच दोन बोटं खाली आली. "अगं नेलं असतं गं, पण आज मी नियम मोडला तर उद्या सगळेच मोडतील." काच वर गेली. सीट वाचली.

तेवढ्यात दिव्याच्या बाबांचा, रणजीतकाकांचा, फोन आला. ते गाडी लावून पाच मिनिटांत आईला न्यायला येणार होते. पण अख्खी रहाटणी आपापली संस्कृती घेऊन त्याच पुलावर चढली होती.

"आई, काळजी करू नकोस! गाडी एकदम सेफ हाय!"

"बरं झालं बाबा," शालनबाई म्हणाल्या. "म्या बी हाय. हितंच हाय."

दिव्याने आणि मी त्यांना उचलून पाहिलं. एक पायरी चढलो आणि आजींना हसू आलं. हसणारं माणूस दुप्पट जड होतं, हे विज्ञानाच्या पुस्तकात नाही, पण असायला हवं. पुन्हा खाली बसवलं. पाणी आता त्यांच्या चपलेला लागलं होतं.

समोरून चार दणकट काका ट्रेडमिल घेऊन जिना चढत होते. "काका, आजीला..." मी म्हटलं. "आलोच, मालमत्ता संपू दे," ते म्हणाले. पुढच्या फेरीला ते फिरती खुर्ची न्यायला आले, सोबत नानासाहेब स्वतः, खुर्चीवर छत्री धरून. आणि मला वक्तृत्वात मिळालेला तो दुसरा नंबर एकदम अंगात आला.

"नानासाहेब आजोबा," मी म्हटलं, "खुर्ची उचलली की गरगर फिरणार. कठड्यावर आपटेल. वर वजन ठेवायला हवं."

नानासाहेबांनी चष्मा वर केला. क्वालिटीचा माणूस. "पॉइंट आहे. किती वजन?"

"साधारण शालनबाईंएवढं."

काकांनी एकमेकांकडे पाहिलं. नानासाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसवा."

दिव्याने आजीचा ऑपरेशनचा पाय सरळ धरला, मी पाठ धरली, आणि शालनबाई अध्यक्षांच्या जागेवर विराजमान झाल्या. "सावकाश रं पोरांनो," त्या वर जाताना बजावत होत्या, "खुर्चीला खरचटंल!" माझ्या माहितीप्रमाणे इतक्या काळजीने आमच्या जिन्यात नवरीलाही कोणी नेलेलं नाही.

संध्याकाळी तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. शालनबाईंची गादी दारातून तरंगत बाहेर आली आणि शिस्तीत पार्किंगमध्ये जाऊन थांबली. हॉलमध्ये नानासाहेबांनी हळूच विचारलं, "आता खुर्ची...?"

"बसू द्या की वाईच," शालनबाई म्हणाल्या. "जमीन तर आमचीच व्हती."

सोसायटीच्या अहवालात नुकसान निरंक आहे. (गादी खासगी होती.) आराखड्यातही सुधारणा झाली असून आता तिथे 'खुर्ची, शालनबाईंसह' असं नमूद आहे. म्हणजे आजी अधिकृतपणे ट्रेडमिलच्या नंतर आणि मखराच्या आधी आहेत. एवढी प्रगती इतक्या कमी पावसात कुठे झाली असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही हसताय, कारण तुमची सोसायटी अशी नाही. नसेलच. तुमच्या गाडीचा नंबर तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो, तर तुमच्या तळमजल्यावर राहणारं सगळ्यांत म्हातारं माणूस कोण, हेही येतच असेल.

सांगा ना मग. "ते कोपऱ्यातले आजोबा" चालणार नाही. नाव.