अर्ध्या गुणाच्या दूर्वा

गणपती आदल्या संध्याकाळीच घरी आले होते. मखर झाले होते, मोदकांचे सारण झाकून ठेवले होते. चतुर्थीच्या सकाळी सव्वानऊला सदाशिवकाकांनी पूजेचे तबक पुढे ओढले, त्यात दोनदा हात फिरवला आणि विचारले, "दूर्वा कुठायत?"

कल्पनाने नवऱ्याकडे पाहिले. अशोकने खिडकीतून बागेकडे पाहिले. त्या बागेत दूर्वा असणे शक्यच नव्हते. तसा चोख बंदोबस्त त्याने स्वतः केला होता.

अशोक कानिटकर सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात मॅनेजर. टोकरखाड्याच्या कॉलनीत बंगला, पुढे बाग. दर गणपतीला कॉलनीत बागांची स्पर्धा व्हायची. बक्षीस म्हणजे एक पितळी ढाल, आणि ती सलग तीन वर्षे शेजारच्या सुकदेव अहिरेच्या दिवाणखान्यात लटकत होती. गेल्या वर्षी, म्हणजे नव्वद साली, अशोक अवघ्या अर्ध्या गुणाने हरला. परीक्षक अलका चौबळ यांनी वहीत लिहिले होते, 'हिरवळीत तण. अर्धा गुण वजा.' तण म्हणजे काय, तर कडेला फुटलेल्या चार दूर्वा. पण त्या चार काड्या माणसाच्या मनात किती खोल जातात, हे दुसऱ्या नंबरवाल्यालाच विचारावे.

यंदा त्याने कारखान्याची शिस्त बागेत आणली. सुतळी बांधून हिरवळीचे चौकोन पाडले, कपाटावर तक्ता चिकटवला आणि बारकू माळ्याकडून रोजचा आकडा घ्यायला सुरुवात केली. सोमवारी तण सतरा, मंगळवारी अकरा. बारकू साक्रीकडचा, पन्नाशीचा. त्याला हा हिशेब पटत नसे.

"साहेब, आघाडा ऱ्हाऊ द्या. हरळी तरी ऱ्हाऊ द्या. गणपतीले लागंल."

"गणपतीला महिना आहे. आणि बारकू, मला बाग शिकवू नकोस."

बाहेरचे बी उडून आपल्या बागेत येऊ नये, म्हणून कॉलनीचा सेक्रेटरी या नात्याने त्याने सगळ्या बंगल्यांभोवती आणि रस्त्यांच्या कडेला तणनाशकही मारून घेतले. आठवड्यात तिथले सगळे गवत पिवळे पडले. अशोक त्या पिवळ्या कडांवरून सकाळी फिरायला जायचा आणि छाती भरून श्वास घ्यायचा.

आता काका तबकापुढे मांडी ठोकून बसले होते. सिल्वासात आपला भटजी मिळत नाही म्हणून ते खास नाशिकहून पूजा सांगायला आले होते.

"अरे, एकवीस पत्री नसतील तर मी सांभाळून घेईन. पण दूर्वांवाचून गणपती? मोदकांवाचून एक वेळ बसेल तो. बारापर्यंत आण. नाहीतर मी चाललो परत."

अशोकने सोवळ्यावरच स्कूटरला किक मारली आणि आमलीचा बाजार गाठला. नाक्यावर दुधनी गावची भिमाबाई दरवर्षी पत्री घेऊन बसते. तिची टोपली पालथी होती.

"दूर्वा?"

"सात वाजताच संपल्या, साहेब. तुमच्याच कालनीचे आले सगले. दर साली कोन इचारीत नाय, अंगनात हाय म्हनतात. यंदा अंगनाला काय झालं तुमच्या?"

अंगणाला काय झाले, हे सांगण्यासारखे नव्हते. परत येताना त्याने नाल्याकडेची मूठभर हरळी उपटून आणली. काकांनी ती नाकाजवळ नेली आणि नाल्याचा वास येताच खिडकीतून बाहेर टाकली.

साडेदहा वाजले. अकराला चौबळबाईंची फेरी होती. अशोक सोवळे खोचून हिरवळीवर रांगायला लागला. महिनाभर जे दिसले की त्याचे डोके फिरायचे, ते एक तरी दिसावे म्हणून तो आता देवाला विनवत होता. चौकोन एक ते चाळीस, सगळे कोरे. आपण किती चांगले काम केले आहे, हे त्याला पहिल्यांदाच एवढे लख्ख दिसले आणि रडू यायचे तेवढे बाकी राहिले.

रांगत रांगत तो नळाजवळ पोचला. तिथे बारकू उभा होता आणि त्याच्या पायाशी एक घमेले पालथे पडले होते. ते घमेले तिथे महिनाभर होते. अशोकने ते रोज पाहिले होते.

"बारकू, कुठे चार दूर्वा असतील का रे?"

बारकूने आधी आभाळाकडे पाहिले, मग घमेल्याकडे. "साहेब, चिडनार नसान तर सांगतो."

त्याने घमेले उचलले. खाली ताटाएवढी जागा दूर्वांनी गच्च भरली होती. कोवळ्या, तीन पानांच्या, पूजेला हव्यात तशा.

"तुम्ही कारखान्यात गेले की घमेलं काढायचो. यायच्या टायमाले परत झाकायचो. औषध मारलं तव्हाबी झाकेलच व्हतं."

महिनाभर आपला माळी आपल्याला फसवत होता, याचा एवढा आनंद आजवर कुठल्याही मॅनेजरला झाला नसेल. अशोकने त्याचे दोन्ही हात धरले. तेवढ्यात फाटक वाजले. अलका चौबळ वही घेऊन आत येत होत्या.

अशोकने घमेले पालथे घातले आणि तो त्यावर बसला.

चौबळबाई शेजारच्या कॉलनीतल्या. शेतकी शिकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी गुलाब पाहिले, डेलिया पाहिले, मग वाकून चाळीसही चौकोन पाहिले. घमेल्यावर बसलेल्या घरमालकाचे कारण त्यांनी विचारले नाही.

"कानिटकर, कमाल आहे. एकसुद्धा तण नाही. अशी हिरवळ मी फक्त माझ्या घरी पाहिली आहे."

त्या वही उघडून लिहायला लागल्या. अशोकला ढाल दिसायला लागली. पण लिहिता लिहिता त्या थांबल्या, वही मिटली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्याकडे दूर्वा असतील का हो? आमच्याकडे हे सोवळं नेसून बसलेत. आणि बागेत मी कधी उगवूच दिल्या नाहीत."

अशोक घमेल्यावर आणखी घट्ट बसला. ही परीक्षा असेल तर अर्धा गुण आणि ढाल दोन्ही गेली. परीक्षा नसेल तर दोन घरचे गणपती उपाशी. त्याने बाईंच्या तोंडाकडे नीट पाहिले, पण चष्म्यामुळे काही कळेना.

ओट्यावरून काका ओरडले, "अशोक, अरे मिळाल्या की नाही?"

पाठोपाठ आठ वर्षांची नेहा बाहेर आली. "बाबा, तुम्ही घमेल्यावर का बसलात?"

आता काही इलाज नव्हता. जाऊ दे ती ढाल, असे तो मनात म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटले, पण तो उठला आणि त्याने घमेले बाजूला केले.

चौबळबाईंनी त्या ताटभर हिरव्या जागेकडे पाहिले. मग वही बारकूच्या हातात देऊन, पदर खोचून खाली बसल्या. "एकवीस तुमच्या, एकवीस माझ्या. उरतील त्या शेजारी द्या. अहिरे मघाशी मलाच विचारत होते."

दोघे गुडघ्यावर बसून खुडत राहिले. शेवटी जागेवर नुसती ओली माती दिसायला लागली. बाईंनी हात धुतले, वही घेतली आणि त्या जागेकडे पुन्हा एकदा नजर टाकली.

"आता तरी तण दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि पूर्ण गुण लिहून भराभरा निघून गेल्या.

संध्याकाळी आरतीनंतर ढाल अशोकला मिळाली. सर्वांत जोरात टाळ्या सुकदेव अहिरेने वाजवल्या, कारण त्याच्याही गणपतीच्या डोक्यावर अशोकच्याच दूर्वा होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना अशोक नळाजवळ आला. मातीतून दोन हिरवी टोके वर आली होती.

"मुळं ऱ्हायली, साहेब," बारकू म्हणाला. "उपटू?"

"नको. घमेलं झाकून ठेव. मी गेलो की काढ आणि यायच्या आधी परत झाक."

"आता कायले झाकू? तुमाले तर ठावं हाये."

"ठाऊक आहे रे," अशोक दुसरीकडे तोंड करून म्हणाला. "पण दिसलं ना, तर माझा हात राहायचा नाही."